प्रकरण सतरामधली बाई

दैवशाला फदाटनं आयुष्यातलं पहिलं भाषण केलं ते जालन्याच्या कोर्टात, वयाच्या अकराव्या वर्षी. भाषण कसलं, दोन वाक्यं. काळ्या कोटातल्या माणसानं वाकून विचारलं, "बाळ, तू काय पाहिलंस?" आणि रात्रंदिवस घोकून आणलेलं ती एका दमात म्हणाली, "मी पाठमोरी होते. मला काही दिसलं न्हाई."

पाठमोरी ती नव्हतीच. धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, ती बसली होती आणि हातात हरभऱ्याचा डहाळा होता. तोंडात कोवळे घाटे. बाप रखमाजी पाच पावलांवर वाकून हद्दीचा दगड पुन्हा जागेवर बसवत होता. बापाचा चुलतभाऊ रामकिसन तुरीच्या ओळींतून आला, मागून आला, आणि त्याच्या हातात कुऱ्हाड होती. तो बोलला नाही. पहिला घाव खांद्यावर बसला. रखमाजी वळला, उजवा हात वर केला, आणि दुसरा घाव मनगटावर पडला. हात दगडाजवळ जाऊन पडला, तळवा वर.

विहिरीकडून आई येत होती, सोनूबाई. तिनं डोक्यावरची भरली कळशी रामकिसनच्या गुडघ्यावर फेकली आणि त्याच्या पायाला मिठी मारली. त्यानं दुसऱ्या पायानं तिच्या तोंडावर लाथ घातली. दोन दात मातीत पडले. तरी तिनं मिठी सोडली नाही, म्हणून तिसरा घाव चुकला आणि दगडावर बसला. ठिणगी उडालेली दैवशालानं पाहिली. रामकिसन पाय सोडवून निघून गेला तेव्हा सोनूबाईनं तो हात पदरात घेतला, नवऱ्याला उभं केलं आणि दोघं सडकेकडं चालायला लागली. या सगळ्यात कुणी एक शब्द उच्चारला नव्हता. शिवी नाही, किंकाळी नाही. पुढं कितीतरी वर्षं दैवशालाला त्या मुकेपणाचंच भय वाटायचं.

मग भावकी बसली. रखमाजी दवाखान्यात असताना घरामागची कडब्याची गंजी पेटली. विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या पडल्या. एका म्हाताऱ्यानं दारात येऊन सोनूबाईला फक्त एवढं सांगितलं, "पोरगी शाळेत पायी जाती तुझी. ध्यान ठेव." त्यानंतर पोलिसांच्या कागदावर जे उतरलं ते असं: सोनूबाईनं घाणेरड्या शिव्या दिल्या, शाब्दिक बाचाबाचीतून झटापट झाली, झटापटीत कुऱ्हाड कुणाच्या हातून लागली ते सांगता येत नाही. रखमाजीनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. रामकिसन सुटला. त्याचं वावर आजही फदाटांच्या वावराला लागून आहे, आणि तो दगडही तिथंच आहे.

पोरगी मात्र शिकली. समाजशास्त्रात एम.ए., पुढं पीएच.डी. विषय तिनंच निवडला: धुऱ्यावरची भांडणं. जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांतली त्रेसष्ट प्रकरणं तिनं गोळा केली. फुटलेली डोकी, तुटलेली बोटं, विहिरीत ढकललेली माणसं. दुपारच्या उन्हात पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात बसून कागद उतरवले. त्यातलं सतरावं प्रकरण तिच्या घरचं होतं. तिनं गावाचं नाव बदललं, माणसांची नावं काढली आणि कागदावर होतं तेच लिहिलं: 'कुटुंबातील स्त्रीच्या शिवीगाळीतून झटापट.' संशोधकानं तटस्थ राहावं, कागद बोलतो तेवढंच लिहावं, असं तिला शिकवलं होतं. तिला ते सोयीचंही होतं. कोर्टात पाठमोरी झालेली पोर प्रबंधातही पाठमोरीच राहिली.

गेली बारा वर्षं ती भोकरदनच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिची खरी ओळख मात्र वर्गात घडली नाही, चर्चासत्रांत घडली. बाहेरच्यांना वाटतं, ही मंडळी तिथं निबंध वाचायला जातात. खरं तर आपण कोण आहोत हे दहा जणांना सांगायला जातात, आणि सांगता सांगता स्वतःलाही पटवतात. जुन्या नाटक कंपन्या वेगळं काय करत होत्या? गावात तंबू ठोकायचा, तोंडाला रंग लावायचा आणि तीन तास राजा व्हायचं. इथं रंग शब्दांचा, इतकंच. चहाच्या टेबलापाशी प्रश्न ठरलेले असतात. कुठं असता? कुणाकडं पीएच.डी. केली? परमनंट का? दैवशालाची उत्तरंही ठरून गेली होती. "भोकरदनला असते. सोळुंके सरांची विद्यार्थिनी. धुऱ्यावरच्या संघर्षांवर माझं काम आहे." 'माझं काम' म्हणताना तिची मान ताठ व्हायची. तिसऱ्या प्रश्नाला ती चहाचा घोट घ्यायची.

आणि सोळुंके सर! डॉ. रामप्रसाद सोळुंके. देखणा म्हातारा, खर्जातला आवाज, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत पोचणारा. असा आवाज एखाद्या नाटक कंपनीला लाभता तर पाच वर्षं तिला मरण नव्हतं. माणूस मनानंही मोठा. खेड्यापाड्यांतली किती पोरं त्यांनी हाताला धरून वर आणली. दैवशालाच्या प्रबंधाच्या वेळी महिनाभर तिला आपल्या घरी जेवू घातलं. त्याच प्रबंधातून त्यांनी आपला 'ठिणगी सिद्धान्त' उभा केला, त्यावर ग्रंथ लिहिला, आणि आता त्यांची ओळख तीच होती. जालन्याच्या एका महाविद्यालयात कायम जागा निघाली होती. मुलाखत अकरा दिवसांवर होती, विषयतज्ज्ञ सोळुंके सर होते. त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "या वेळी तुझंच. फक्त चर्चासत्रात निबंध नीट वाच, मंडळी बघतील."

ते चर्चासत्र जालन्यातच होतं, 'ग्रामीण समाज आणि हिंसा' या विषयावर. त्या सभागृहात पूर्वी नाट्यस्पर्धा रंगायच्या. लाकडी मंच अजून तोच आहे, पाऊल पडलं की घुमतो. दैवशाला आदल्या दिवशीच गावातल्या मस्तगड भागात अलमासकडं उतरली होती. अलमास तिची एम.ए.पासूनची मैत्रीण, जालन्यात शिकवणारी. बरोबर आईही होती. सोनूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते, सकाळी डॉक्टरांना दाखवायचं होतं. दाखवून झालं आणि गावाकडची, टेंभुर्णीची गाडी दुपारची होती म्हणून म्हातारी लेकीबरोबर सभागृहात आली. काळा चष्मा लावून, थेंबांच्या औषधाची पिशवी मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसली. लेकीला मंचावर बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

बीजभाषण सोळुंके सरांचं. पंधराव्या मिनिटाला ते प्रकरण सतरावर आले. कागद बाजूला ठेवला. हरभऱ्याचं वावर उभं केलं, दगड उभा केला. मग आवाज चिरका करून ती बाई उभी केली, कमरेवर हात, तोंडाचा पट्टा सुरू. आणि मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी नसलेली कुऱ्हाड खाली आणली. "खच्च!" पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. सरांनी क्षणभर थांबून सभागृह आवाक्यात घेतलं. "मित्रहो, कुऱ्हाड पुरुषाच्या हातात दिसते. ठिणगी मात्र घरातल्या बाईच्या जिभेतून पडते."

टाळ्या कडाडल्या. दैवशालानंही सवयीनं वाजवल्या.

चहाला अलमास हसत आली. "अगं, सरांनी हात असा फिरवला, मला वाटलं मंचावरची समईच उडते आता!"

"मॅडम, तुमचं प्रकरण सतरा म्हणजे हमखास टाळ्या," आदिनाथ म्हणाला. हाही सरांचाच विद्यार्थी, चर्चासत्राचा समन्वयक, आणि त्याच जागेसाठी अर्ज केलेला. "मला एखादं तसलं सापडलं असतं तर मी आज परमनंट असतो."

"तू सापडायची वाट बघ," अलमास म्हणाली. "ती उन्हात हिंडली, तू सरांची बॅग धरून हिंडलास."

"बॅग धरायलाही नशीब लागतं, अलमास मॅडम."

दैवशाला हसली आणि आईचा चहा घेऊन शेवटच्या रांगेकडं गेली. सोनूबाईनं कप हातात घेतला नाही.

"दैवे, ते सर आपल्याच घरचं सांगून राह्यले का गं?"

दैवशालानं कप खुर्चीच्या हातावर ठेवला.

"वावर हरभऱ्याचं, दगड, उजवा हात. आपलंच की. पन मी त्या दिवशी बोललेच कुठं? ह्यांला कुनी सांगितलं मी शिव्या देऊन राह्यल्ते म्हून?"

"कागदावर तसं आहे, माय."

"कोन्या कागदावर?"

"पोलिसांच्या. मंग... माझ्याबी."

सोनूबाईनं काळा चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता. "पोलिसाला भावकीनं सांगितलं. तुला कोर्टात मी सांगितलं, कारन तुला शाळेच्या वाटंवर कुनी गाठलं असतं. ते बराबर. पन ह्या बुकात लिव्ह म्हून कुनी सांगितलं व्हतं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

"दात माझे गेले," म्हातारी सावकाश म्हणाली, "आन् जीभबी माझीच वाईट ठरली. एवढी मान्सं टाळ्या वाजवून राह्यली. तू बी वाजवल्या. मी बघितलं. नवीन डोळ्यानं पयलं हेच बघितलं."

औषधाची वेळ झाली होती. दैवशालानं बाटली उघडली. "वर बघ, माय." थेंब डोळ्यात पडला, दुसरा गालावर सांडला. तेवढ्यात मंचावरून तिचं नाव पुकारलं गेलं.

या सत्राचे अध्यक्ष सोळुंके सरच. त्यांच्यापुढच्या टेबलावर समारोपासाठी शाली आणि नारळ मांडून ठेवले होते. आदिनाथनं तिचा परिचय वाचला. तिनंच लिहून दिलेला, वर्षानुवर्षं तोच. त्रेसष्ट प्रकरणांचा अभ्यास, अकरा शोधनिबंध, सोळुंके सरांचं मार्गदर्शन. प्रत्येकाला सात मिनिटं. सातव्या मिनिटाला घंटी.

पहिली तीन पानं तिनं वाचली. चौथ्या पानावर प्रकरण सतरा होतं. ती थांबली. नट वाक्य विसरल्यावर थांबतो तशी नाही. तिला वाक्य पाठ होतं, तोंडात येत नव्हतं.

"प्रकरण सतरामधली बाई शिव्या देत नव्हती," ती म्हणाली. "ती काहीच बोलली नाही. मारणाराही बोलला नाही. तो मागून आला. तिनं त्याचा पाय धरला म्हणून तिसरा घाव दगडावर बसला, नाहीतर मान गेली असती."

सोळुंके सर गोड हसले. "मॅडम, याला संदर्भ?"

"मी तिथं होते, सर. तो हात माझ्या बापाचा."

सरांचं हसू ओसरलं.

"पण तुमच्याच प्रबंधात—"

"प्रबंधात मी खोटं लिहिलं. त्याआधी कोर्टात खोटं बोलले. कागदावरची ओळ खोटी आहे हे मला माहीत होतं, आणि तरी ती मी मोजली. आणखी सहा प्रकरणांत हीच ओळ आहे, शब्दाला शब्द. त्या सहा बायांना मी जाऊन विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाही. आपण त्यांच्यावर सिद्धान्त बांधला."

घंटी वाजली.

"वेळ संपला," सर म्हणाले. खर्ज पहिल्यांदाच चिरफाळला.

"त्यानं तिच्या तोंडावर लाथ घातली. दोन दात पडले, ते मी वेचले—"

घंटी पुन्हा, पुन्हा. आदिनाथ उठला. पोरगा तसा दुष्ट नव्हता. सरांच्या कपाळावर आठी दिसली की त्याचे पाय आपोआप हलायचे. त्यानं माईक धरला. दैवशालानं सोडला नाही. "मॅडम, द्या इकडं." "मला संपवू दे." त्यानं जोरानं हिसडा मारला, तिनं आपल्याकडं ओढला, आणि त्यानं तिला खांद्यावर ढकलून पुन्हा माईक रेटला. पोलादी टोक तिच्या तोंडावर बसलं. दात मोडल्याचा आवाज चारही स्पीकरांतून सगळ्या सभागृहानं ऐकला. चौथ्या पानावर रक्ताचे थेंब पडले, मग धार लागली.

शेवटच्या रांगेतून सोनूबाई निघाली. धावली नाही. काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर, वाकलेले गुडघे, पदर कमरेला. वाटेतली माणसं बाजूला झाली. मंचाच्या तीन पायऱ्या ती चढली, लाकूड घुमलं. टेबलावरचा एक नारळ तिनं उचलला. आदिनाथची माईक धरलेली मूठ स्टँडवर टेकलेली होती. म्हातारीनं दोन्ही हातांनी नारळ वर नेला आणि त्या मुठीवर आणला. पुन्हा आणला. बोटं मोडली तेव्हा आदिनाथची किंकाळी माईकमधून गेली आणि बाहेरच्या झाडावरचे कावळे उठले. म्हातारीच्या तोंडून मात्र शब्द नाही. तेव्हा नव्हता, आताही नव्हता.

सगळं सभागृह उभं राहिलं. सोळुंके सर पांढरे पडले होते, पण मुरलेल्या नटाचा आवाज अंगातून शेवटी जातो. ते सभागृहाकडं वळले. "पाहिलंत? सकाळी मी काय सांगत होतो?"

कुणीतरी टाळी वाजवली. दोन टाळ्या. मग त्या माणसाला आपण काय करतोय ते कळलं असावं.

पोलीस ठाण्यात दुपारी सोनूबाई बाकावर बसली होती. अलमासनं आणलेला बर्फ दैवशालानं ओठाला धरला होता. आदिनाथ हाताला प्लॅस्टर घालून, तक्रार देऊन गेला होता. तेवढ्यात सोळुंके सर स्वतः आले. ते रागात नव्हते, उलट डोळे ओले होते.

"दैवशाला, झालं ते झालं. मी आदिनाथला समजावतो. तू फक्त एवढंच लिहून दे, की गोंधळ झाला, कुणी मारलं ते दिसलं नाही. तो तक्रार मागं घेईल, आई सुटेल. अकरा दिवसांनी मुलाखत आहे, बाळा. बारा वर्षं घालवलीस."

ते मनापासून सांगत होते. तिच्या भल्याचंच सांगत होते. दैवशालानं बर्फ खाली ठेवला. आपण नाही म्हटलं तर जागा जाईल, आणि आईवर केस उभी राहील, ती लेकीच्याच साक्षीवर. हो म्हटलं तर कुणाचंच काही जाणार नव्हतं. भावकीनंही दारात उभं राहून असंच भलं सांगितलं होतं.

"सर, मला दिसलं," ती म्हणाली.

सर मान खाली घालून निघून गेले. अकरा दिवसांनी मुलाखत झाली. दैवशालाला आत दीड मिनिट बसवलं, त्यात सरांनी तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. ती अजून भोकरदनलाच शिकवते, पुढचा एक दात खोटा आहे. सुट्टीच्या दिवशी बसनं हिंडते. त्या सहा बायांपैकी चौघींना ती आजवर भेटली.

पण ते नंतरचं. त्या दुपारी हवालदारानं कागद पुढं ओढला आणि लिहीत लिहीत मोठ्यानं वाचू लागला. "सदर ठिकाणी शाब्दिक बाचाबाचीतून—"

"बाचाबाची झाली नाही," दैवशाला म्हणाली. ओठ सुजल्यामुळं शब्द जड येत होते. "ते खोडा."

"मॅडम, आम्ही असंच लिहितो. सगळ्याच केसला असतं."

"माहीत आहे. त्रेसष्ट वाचल्यात. खोडा."

हवालदारानं तिच्याकडं पाहिलं, बाकावरच्या म्हातारीकडं पाहिलं आणि ओळ खोडली. "बरं. मंग कसं झालं सांगा."

"त्यानं माईक हिसकला. माझा दात मोडला. मग माझ्या आईनं नारळ उचलला आणि त्याच्या हातावर मारला. शिवी दिली नाही. एक शब्द बोलली नाही. मी समोर होते."

"किती वेळा मारला?"

"दोनदा."

बाकावरून सोनूबाईचा आवाज आला. ठाण्यात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"तीनदा. तू खाली वाकल्ती तवा एक आनखी हानला. नीट सांग, दैवे."

हवालदारानं 'दोनदा' खोडून 'तीनदा' लिहिलं.